कंसमामांच्या अकरा ओळी

“मुळाला हात लावायचा नाही. कलम वरच बांधायचं.”

हे वाक्य कंसमामा इतक्या वेळा म्हणत की पुस्तक विभागातल्या पंख्यालाही ते पाठ झालं असावं. चहाचा पहिला घोट घेताना म्हणत. जिना चढताना धाप लागली, तर मधल्या पायरीवर थांबून म्हणत. नवख्या माणसाला वाटे, हे गृहस्थ बागवान असणार. पण मामांच्या नखांत कधी मातीचा कण गेला नव्हता. घरच्या खिडकीत एक कुंडी होती, ती बायकोची. तिला पाणी घालायचीही मामांना आठवण राहत नसे.

आमचा कारखाना पीठ मळायची यंत्रं करतो. बेकरीत लागतात ती, कमरेएवढ्या भांड्याची. खाली लोखंड, वंगण, ठोकाठोक. एक अरुंद जिना चढून गेलं की वर पुस्तक विभाग. त्या जिन्याखाली माझं भांडार. वीस वर्षं मी तिथे नटबोल्ट मोजत बसलो आहे, आणि वरून खाली येणारं प्रत्येक पाऊल मला आवाजावरून ओळखू येतं. मामांचं पाऊल सावकाश. डावी चप्पल जरा घासत यायची.

कंसमामा हे नाव त्यांना यंत्रशाळेतल्या पोरांनी दिलं. मामांच्या कॉम्प्युटरवर दिवसभर टोकदार कंसच कंस दिसत. कंस उघड, कंस मिटव. कुणीतरी म्हणालं, “हा तर आपला कंसमामा!” आणि ते चिकटलं. मामा रागावले नाहीत. म्हणाले, “ठेवा नाव. फक्त आपापल्या बहिणींना सांगा, मी कुणाला तुरुंगात घालत नाही.”

आता ते कंस कशाचे, ते सांगतो. मला हे समजायला दोन वर्षं लागली, तुम्हाला दोन मिनिटं लागतील.

प्रत्येक यंत्राबरोबर माहितीपुस्तक द्यावं लागतं. कसं बसवायचं, कसं चालवायचं, कसं पुसायचं. आधी ते छापून देत. आता गिऱ्हाईक ते मोबाइलवर उघडतं. लिहिणारा माणूस मजकूर लिहिताना फक्त एवढंच सांगतो की हे शीर्षक आहे, ही पायरी आहे, हा धोक्याचा इशारा आहे. त्याला म्हणतात एक्सएमएल. त्यात रंग नाही, अक्षराचा आकार नाही, चौकट नाही. नुसतं कापड. त्या कापडाचा सदरा शिवते ती स्टाइलशीट. शीर्षक जाड करायचं, पायऱ्यांना आकडे घालायचे, इशारा लाल चौकटीत ठेवायचा, हे सगळं ती ठरवते, आणि दुसऱ्या टोकाला एचटीएमएलचं पान बाहेर पडतं, मोबाइलवर वाचता येईल असं.

स्टाइलशीट मामांनी केलेली नव्हती. ती जगातल्या हुशार लोकांनी मिळून केलेली होती, हजारो ओळींची. पण आयता सदरा कुणाच्या अंगाला नेमका बसला आहे? तेव्हा रीत अशी, की मूळ फाइल जशीच्या तशी ठेवायची आणि आपली एक छोटी फाइल वेगळी करायची. तिच्या डोक्यावर लिहायचं, ‘सगळं मुळातलंच ऐका, फक्त मी जिथे वेगळं सांगतो तिथे माझं ऐका.’

मामांनी हे एकदा घरी समजावलं. त्यांच्या बायकोचं शिवणकाम आहे, पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन. टाचण्या तोंडात धरूनच ती म्हणाली, “यात नवीन काय? मी या घरात आल्यापासून हेच करतेय. सगळ्यांना हो म्हणायचं, आणि करायचं ते आपल्या मनाचं.”

“अगदी तेच!” मामा म्हणाले. “पण सासूला बदलायला जायचं नाही.”

“गेले असते तर आज इथे दिसले असते का?”

मामा मूळचे छापखान्यातले. शिशाचे खिळे जुळवायचे. उलटं अक्षर सुलट अक्षरापेक्षा लवकर वाचायचे. छापखाना बंद झाला तेव्हा चाळिशी गाठलेली होती. बरोबरीचे कुणी राखणदार झाले, कुणी घरी बसले. मामांनी जुन्या बाजारातून कॉम्प्युटरची पुस्तकं आणली आणि जेवणाच्या पाटाएवढ्या टेबलावर बसून दोन वर्षं एकट्यानं वाचली. कुणी शिकवलं नाही. म्हणून त्यांना त्या कामाचा मोठा अभिमान. आयतं मिळालेल्याचंही कौतुक असतं, पण स्वतः खणून काढलेल्या पाण्याची चव निराळी.

गेल्या वर्षी त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी आली, मजकूर लिहायला. यंत्रशाळेनं तिचंही बारसं केलं. लेखिकाबाई. वर्षभर कच्ची नोकरी, मग साहेबांच्या सहीनं पक्की. त्याआधी दोन शाळांत शिकवून आली होती. दोन्हीकडे वर्ष संपलं तसं तिला नारळ मिळाला होता. त्यामुळे तिची एक सवय झाली होती. चहाचा कप टेबलावर ठेवून जायची नाही. रोज धुऊन, फडक्यात गुंडाळून घरी न्यायची.

“अगं, कप काय पळून जातो?” मामा विचारत.

“कप नाही पळत, मामा. नोकरी पळते.”

अकरा महिने झाले होते. तिचा पक्का होण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर गेला होता. आणि एका शुक्रवारी सकाळी अकरा वाजता फिटरचा फोन आला.

फिटर म्हणजे आमचा यंत्रं बसवून देणारा माणूस. मोटरसायकलवर फिरतो, मोठ्यानं बोलतो. त्या दिवशी हळू बोलला. एका बेकरीत नवीन यंत्र बसवलं होतं, आठवडाही झाला नव्हता. तिथला जुना कारागीर पहिल्यांदाच ते साफ करत होता. एका हातात मोबाइल, त्यावर आपलं पुस्तक. चौथी पायरी वाचली: झाकण उचला आणि पात्याला चिकटलेलं पीठ हातानं काढा. त्यानं झाकण उचललं, हात घातला. पलीकडून कुणाचा तरी बटणाला धक्का लागला. पातं अर्धा फेरा फिरलं. मनगट दोन ठिकाणी मोडलं. हात वाचला.

इशारा पुस्तकात होता. ‘सावधान. आधी मेन स्विच बंद करा.’ पण तो चौथ्या पायरीच्या खाली होता. मोबाइलची काच पायरीपाशी संपत होती. बोटानं वर सरकवलं असतं तर दिसला असता.

मोठे साहेब जिना क्वचित चढतात. त्या दिवशी दोन-दोन पायऱ्या टाकत चढले. मी बोल्टांची यादी घेऊन मागोमाग गेलो. सही हवी होती म्हणतो, पण खरं सांगायचं तर राहवलं नाही म्हणून.

“हे काय आहे?” साहेबांनी मोबाइल टेबलावर ठेवला. “हात घाला म्हणायचं आणि मग सावधान म्हणायचं? वरातीमागून घोडं? कुणी लिहिलं हे?”

लेखिकाबाईनं आपली फाइल उघडली. चौथी पायरी शोधली. तिच्या फाइलीत आधी कृती होती, मग इशारा. तिनं ते दोनदा वाचलं. तिचा चेहरा फडक्यासारखा पांढरा झाला.

“मीच लिहिलंय, साहेब.”

“आधीच्या माणसाच्या पुस्तकांत इशारे वर असायचे. मी स्वतः पाहिलेत.”

“हो, साहेब. माझंच चुकलं.”

“तुमचा कागद अजून माझ्याकडेच आहे,” साहेब म्हणाले. “सोमवारी बोलू.”

मी कंसमामांकडे पाहिलं. ते आपल्या पडद्याकडे बघत होते, आणि माणूस स्वतःच्या घराचं दार उघडं पाहून थबकतो तसे थबकले होते.

नंतर त्यांनीच मला सगळं सांगितलं, म्हणून पुढचं लिहितो.

आधीचा लेखकही कृती आधी आणि इशारा मागूनच लिहायचा. मजकुराचा साचाच तसा होता. ते मामांना तीन वर्षांपूर्वी खटकलं. शनिवार होता, चार वाजले होते, चौदा यंत्रं बाहेर जायला निघाली होती. मामांनी अकरा ओळी लिहिल्या. पायरीच्या पोटातला इशारा उचलायचा आणि पायरीच्या डोक्यावर ठेवायचा. आपल्या छोट्या फाइलीत त्या घातल्या, तर दुसरीकडे कुठेतरी अडकल्या, पान फुटलं. खाली गाडी हॉर्न देत होती. मामांनी त्याच अकरा ओळी मूळ फाइलीत घातल्या. एका फटक्यात चालल्या.

ज्या मुळाला आयुष्यभर हात लावू नको म्हणाले, त्यालाच हात लावला. एकदाच. सोमवारी नीट करतो, असं स्वतःला सांगितलं. तो सोमवार काही उगवला नाही.

आणि दोन महिन्यांपूर्वी मूळ स्टाइलशीटची नवी आवृत्ती आली. मामांनी जुनी फाइल पुसून तिच्या जागी नवी ठेवली आणि छाती काढून सांगितलं, “बघा! माझी एकही ओळ बदलावी लागली नाही. कलम वर बांधलं की असं होतं.” सगळ्यांना चहा पाजला. मीही प्यालो. त्या चहाबरोबर अकरा ओळी गेल्या, आणि प्रत्येक पुस्तकातला प्रत्येक इशारा गुपचूप पायरीच्या खाली जाऊन बसला.

हे जगात फक्त एका माणसाला माहीत होतं. जुनी फाइल उरली नव्हती. पोरीच्या फाइलीत क्रम उलटा दिसत होता, तो सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. मामा गप्प राहिले असते, तर मरेपर्यंत कुणाला कळलं नसतं.

शुक्रवारी त्यांनी एक काम केलं. जेवायला उठले नाहीत. त्या ओळी आठवून पुन्हा लिहिल्या, या वेळी आपल्याच फाइलीत, आणि त्या कुठे अडकत होत्या ती गाठ सोडवली. तीन वाजेपर्यंत सगळी पुस्तकं नव्यानं काढून चढवली. साहेबांनी मोबाइलवर पाहिलं. लाल चौकट वर.

“मामा, तुम्ही होतात म्हणून,” साहेब म्हणाले, आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

साहेब गेल्यावर लेखिकाबाई हळूच म्हणाली, “माझी चूक तुम्ही निस्तरलीत, मामा. कसे आभार मानू?”

मामा मला म्हणाले, “तेव्हा बोलायला हवं होतं रे. तोंड उघडलं. आणि पुन्हा मिटलं. म्हटलं, साहेबांचा हात अजून पाठीवर गरम आहे, जरा थंड होऊ दे.”

शनिवारी दुपारी ते बायकोच्या मशीनशेजारी स्टूल ओढून बसले. ती एका झग्याची उसवलेली बाही पुन्हा लावत होती. मामांनी सगळं सांगितलं. तिनं मशीनचं चाक हातानं थांबवलं.

“कुणाला कळणार आहे का हे?”

“कुणालाच नाही.”

“मग?”

“तेच तर.”

तिनं बाहीचा लोंबता दोरा तोडला. “तुम्हाला काढलं तर? या वयात कोण दारात उभं करणार?”

“कुणी नाही.”

“आणि ती पोरगी?”

“तिला तिसऱ्यांदा काढतील. आणि ती जन्मभर समजेल की कुणाचा तरी हात तिनं मोडला.”

बायकोनं तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. म्हणाली, “सांगायचं की नाही हे विचारायला तुम्ही आला नाहीत. ते तुमचं ठरलेलं आहे, तोंडावर लिहिलंय. नुसतं जेवून सांगायचं की उपाशी, एवढंच उरलंय. सोमवारी जेवून जा. उपाशी माणूस भलतंच बोलतो.” आणि मग डोळे पुसून पुन्हा चाक फिरवलं.

सोमवारी मामा साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा मी तिथेच होतो, बोल्टांच्या यादीची सही अजून राहिली होती. मी उठू लागलो. मामा म्हणाले, “बस रे. अजून एक कान असू दे.”

त्यांनी उभ्या उभ्या सांगितलं. साहेबांना पहिल्यांदा काहीच कळेना.

“म्हणजे नवी आवृत्ती खराब निघाली. त्यांना पत्र लिहा ना!”

“नाही, साहेब. त्यांनी त्यांचं घर रंगवलं. त्यांच्या भिंतीवर माझं कपाट मीच ठोकलं होतं. रंगवताना त्यांनी ते काढलं. त्यांना काय माहीत आत काय होतं?”

“मग बाईंनी इशारा खाली लिहिला, त्याचं काय?”

“साच्याप्रमाणे लिहिला. तिनं बरोबर लिहिलं. तो वर न्यायचं काम माझं.”

साहेब खुर्चीत मागे टेकले. बराच वेळ पेनचं टोपण काढत, लावत राहिले.

“शुक्रवारी का नाही बोललात?”

“भ्यालो, साहेब.”

एवढंच. मी वीस वर्षांत त्या खोलीत पुष्कळ कारणं ऐकली आहेत. गाडी बंद पडली, घरी आजारपण, माल उशिरा आला. हे कारण पहिल्यांदा ऐकलं.

साहेबांनी खण उघडला, बाईचा कागद काढला, माझ्या देखत सही केली. मग माझ्या यादीवरही केली, न वाचता. म्हणाले, “मामा, तुम्हाला काढत नाही. पण स्टाइलशीट आता बाईंकडे राहील. तुम्ही त्यांच्या हाताखाली. त्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळ बदलायची नाही. चालेल?”

मामांची मान जराशी ताठ झाली. ज्या पाण्यासाठी एकट्यानं खणलं, ती विहीर दुसऱ्याच्या नावावर. पण ते म्हणाले, “चालेल.”

“त्या कारागिराला मी फोन करतो.”

“नको, साहेब. फोनवर नको. मी जातो.”

वर गेल्यावर त्यांनी लेखिकाबाईला सांगितलं. मला वाटलं होतं, ती रडेल, पाया पडेल. तसलं काही झालं नाही. जिन्याखाली मला शब्द न् शब्द ऐकू आला.

“तीन दिवस, मामा! तीन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. आईला सांगून बसले की ही पण गेली. त्या माणसाचा हात माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. आणि तुम्ही माझे आभार ऐकून घेतलेत!”

“घेतले.”

“लाज नाही वाटली?”

“वाटली. लाजेपेक्षा भीती मोठी होती. बोल, अजून बोल. तुझा हक्क आहे.”

मग खुर्ची ओढल्याचा आवाज.

“नाही बोलणार. मला त्या अकरा ओळी समजावा. एकेक. आणि घाई करायची नाही.”

दिवसभर दोघं त्याच पडद्यासमोर होती. मी चहा घेऊन वर गेलो तेव्हा ती विचारत होती, “पण उद्या पुन्हा नवी आवृत्ती आली आणि पुन्हा काही हललं, तर कळणार कसं?”

“डोळ्यांनी बघायचं.”

“चाळीस पुस्तकं? प्रत्येक पान?”

मामांनी चहाचा कप खाली ठेवला.

“मग असं करू,” ती म्हणाली. “पुस्तक तयार झालं की कॉम्प्युटरनंच प्रत्येक पायरी तपासायची. इशारा खाली सापडला, तर पुस्तक बाहेर सोडायचंच नाही. अडवून धरायचं.”

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. इतकी वर्षं त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा होता. ही गोष्ट त्यांना सुचली नव्हती. “लिही,” ते म्हणाले. “मी बघतो.” मग स्वतःशीच हसले. “नाही, नाही. तू बघायचंस. मी लिहितो.”

तिला हसू आलं नाही. पण तिनं कळफलक त्यांच्याकडे सरकवला.

मंगळवारी सकाळी मामा खाली उतरले. अंगात इस्त्रीचा सदरा, काखेत कापडी पिशवी. पिशवीत चौथ्या पायरीचं पान छापून घेतलेलं, जुनं आणि नवं, दोन्ही. बेकरी गावाच्या पार दुसऱ्या टोकाला, पाऊण तासाची चाल.

फिटर फाटकाशी मोटरसायकल चालू करून उभा होता. “बसा मामा, दहा मिनिटांत सोडतो. त्याचा स्वभाव तापट आहे, मी बरोबर असलेलं बरं.”

“तापट असेल तर बरंच आहे,” मामा म्हणाले. “मला काय बोलायचं ते अजून जुळवायचंय. चालत जातो.”

“शिव्या देईल हो.”

“देऊ दे. मनगट त्याचं मोडलंय.”

फिटरनं गाडी बंद केली. मामा फाटकातून बाहेर पडले, रस्ता ओलांडला, टायरवाल्याच्या दुकानावरून पुढे गेले. डावी चप्पल घासत होती, पण चाल नेहमीपेक्षा भरभर होती. मी भांडाराच्या पायरीवर येऊन उभा राहिलो. वर पाहिलं, तर खिडकीत लेखिकाबाई होती, दोन्ही हात गजांवर. तिनं हाक मारली नाही, मामांनी मागे पाहिलं नाही. शाळेची भिंत लागते तिथे रस्ता वळतो. पांढरा सदरा वळणापाशी एकदा दिसला आणि मग भिंतच राहिली. फिटर किल्ली खिशात टाकून आत निघून गेला. मला फोन आला म्हणून मीही गेलो. थोड्या वेळानं बाहेर आलो, तर ती अजून खिडकीतच उभी होती.